कॉलेज फुटबॉलचा करार: शेवटची पानं आधी वाचा

करार हातात आला की मी पहिलं पान उलटून ठेवते. त्या पानावर आकडा असतो, आणि आकडा एकदा डोळ्यांत भरला की घरातल्या कुणालाच पुढचं नीट दिसत नाही. मी आधी वाचायला घेते ते करार संपण्याचं कलम. मुलगा संघ सोडून गेला तर काय, गुडघा फुटला तर काय, प्रशिक्षकाला काढलं तर काय, हप्ता आला नाही तर दाद कुठे मागायची. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल खेळाडूंचे करार तपासणं आणि त्यांचा कर भरून देणं हे माझं काम. इथले आपले बरेच लोक विचारतात की हे सगळं चालतं तरी कसं, म्हणून ज्या क्रमाने मी एक फाइल सोडवते त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबोळक्या चेंडूने खेळायचं. शनिवारी सामना असला की मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा प्रक्षेपणाचा करार केला. मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या मुलांना मात्र २०२१ पर्यंत शिष्यवृत्ती, राहणं-जेवण आणि वर थोडा हातखर्च, एवढंच मिळायचं. गावातल्या गाड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत पैसे घेऊन चेहरा दाखवला तर खेळायचा हक्कच जायचा.

ते बदललं कोर्टात. २०१४ मध्ये ओ'बॅनन खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएए या नियामक संस्थेचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाहीत असं ठरवलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा विकू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ ला ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलैपासून एनसीएएने स्वतःच 'एनआयएल', म्हणजे नाव, छबी आणि ओळख यांच्या कमाईला वाट मोकळी केली. शेवटचा मोठा घाव हाउस खटल्याचा. त्याची तडजोड ६ जून २०२५ ला विल्केन यांनीच मंजूर केली: २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठाने थेट खेळाडूला पैसे देण्याची मुभा.

पण या सगळ्यात एक गोष्ट कुणी मान्य केलेली नाही, ती म्हणजे हा मुलगा नोकर आहे. माझ्यासमोर येणारे सगळे वाद फिरून याच एका गाठीपाशी येतात. पैसा खेळण्याचा नाही, असं कागद म्हणतो. भांडण मात्र खेळण्यावरूनच होतं.

पैसा कुणाच्या खिशातून

करार तपासताना पहिला प्रश्न: सही कुणाची आहे? सध्या एका खेळाडूकडे तीन वाटांनी पैसा येतो, आणि घरचे लोक तिन्ही एकात मिसळून बोलतात.

पहिली वाट विद्यापीठाचा थेट वाटा. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येतात. बड्या गटांतल्या विद्यापीठांच्या ठराविक उत्पन्नाची सरासरी काढून तिचे २२ टक्के, असा हा आकडा आला. बऱ्याच ठिकाणी त्यातला साधारण तीन चतुर्थांश फुटबॉलला जातो, म्हणजे दीड कोटीच्या आसपास. संघात आता १०५ मुलं ठेवता येतात. भागाकार केला तर दर डोई १ लाख ४५ हजारांच्या घरात येतं, पण ही सरासरी घेऊन कुणी वाटाघाटीला बसू नये. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा), त्याची डावी बाजू राखणारा टॅकल आणि समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे एज रशर यांच्यातच मोठा हिस्सा संपतो. शंभराव्या मुलाला कधी काहीच मिळत नाही. नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्याही २५ लाख डॉलरपर्यंत याच मर्यादेत मोजल्या जातात, त्यामुळे "शिष्यवृत्तीही देतो आणि वाटाही देतो" असं कुणी म्हटलं तर दोन्ही एकाच पिशवीतून येत आहेत हे लक्षात ठेवायचं.

दुसरी वाट खऱ्या कंपनीची: बूट, शीतपेय, विमा, गावातलं हॉटेल. तिसरी वाट कलेक्टिव्हची, म्हणजे संघाच्या श्रीमंत पाठीराख्यांनी पैसे गोळा करायला काढलेली संस्था. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ती संस्था कुठल्या राज्यात नोंदलेली आहे, तिच्या खात्यात पैसे आहेत की देणगीदाराच्या शब्दावर ती चालते आहे, आणि हप्ता चुकला तर कुणी हमीदार आहे का? जेडन राशाडा या क्वार्टरबॅकचं प्रकरण आठवा. फ्लोरिडा विद्यापीठात येण्यासाठी त्याच्याशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार झाला होता. पहिला मोठा हप्ता यायच्या वेळेला कलेक्टिव्हने तो करार रद्द केला. मुलगा फ्लोरिडात गेलाच नाही, आणि मे २०२४ मध्ये त्याने प्रशिक्षक बिली नेपियर आणि इतरांवर खटला भरला. आकडा केवढाही असो, देणाऱ्याने एकतर्फी बाहेर पडायची सोय ठेवली असेल तर तो आकडा म्हणजे नुसती आशा. "केव्हाही, कारण न देता रद्द करता येईल" अशा अर्थाचं वाक्य दिसलं की मी त्याखाली लाल रेघ ओढते आणि दोनच गोष्टी मागते: रद्द करण्याआधी किमान ६० दिवसांची सूचना आणि त्या काळातले हप्ते पूर्ण.

पैशाला नाव काय दिलं आहे

विद्यापीठाच्या करारात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लिहिलेलं असतं की ही रक्कम खेळाडूच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या वापराची परवाना फी आहे, खेळण्याचा मोबदला नाही, आणि खेळाडू हा कर्मचारी नाही. मग सातव्या-आठव्या पानावर यायचं. तिथे असतं की खेळाडू संघाच्या यादीत नसेल, सरावाला गैरहजर राहिला, ट्रान्सफर पोर्टलमध्ये (दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांच्या यादीत) नाव टाकलं, पात्रता गमावली, तर देणी थांबतील. चेहऱ्याचा परवाना असेल तर चेहरा सरावाला न जाताही तोच राहतो. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून मी घरच्यांना वाचून दाखवते, कारण पुढे काय होऊ शकतं ते त्यातून लगेच कळतं.

कर्मचारी नाही याचा अर्थ हप्ता थकला तर पगार थकल्याची तक्रार घेणारं कामगार खातं तुमच्यासाठी नाही. जखमी झालात तर कामगार भरपाई नाही. काढून टाकलं तर बेकारी भत्ता नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंना २०१४ मध्ये कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवलं होतं, पण २०१५ मध्ये मंडळाने विषय हातात घ्यायलाच नकार दिला. जुलै २०२४ मध्ये तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने जॉन्सन खटल्यात म्हटलं की कॉलेज खेळाडू किमान वेतनाच्या कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात. दार किलकिलं झालं, उघडलं नाही. तोवर खेळाडूच्या हातात कंत्राटी कायदा आहे, आणि तो कायदा फक्त कागदावर काय लिहिलंय ते बघतो.

म्हणून दुखापतीचं कलम मी वेगळं मागून घेते. "संघासाठी खेळताना किंवा सराव करताना झालेल्या दुखापतीमुळे देणी थांबणार नाहीत" हे एक वाक्य. एवढंच. बरेचदा ते मिळतं, कारण विद्यापीठालाही नाकारायला लाज वाटते, पण न मागता कुणी घालत नाही. त्याच बरोबर प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूला काही दिवस दंडाशिवाय जाता येईल असंही मागते. हे कमी वेळा मिळतं.

निघून जाण्याची किंमत

आता ज्या कलमाने सध्या सगळा गदारोळ आहे ते. आधीच ठरवून ठेवलेली नुकसानभरपाई, किंवा सगळे म्हणतात तसं बायआउट.

एक उदाहरण आकड्यांसकट बघू, कारण ते कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलेलं आहे. डेमन विल्सन हा जॉर्जिया विद्यापीठाचा तेव्हाचा एज रशर. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने कलेक्टिव्हशी सही केली: १४ महिने, महिना ३० हजार डॉलर, शिवाय ४० हजारांचे दोन बोनस. चौदा गुणिले तीस म्हणजे ४ लाख २० हजार, त्यात ८० हजार मिळवले की बरोबर ५ लाख. जानेवारीत तो मिझुरीला गेला. तोवर हातात आले होते ३० हजार. आणि जॉर्जियाच्या क्रीडा संघटनेने मागितले ३ लाख ९० हजार. हा आकडा कुठून आला? १३ महिने गुणिले ३० हजार. म्हणजे जे पैसे त्याला पुढे मिळायचे होते, तेवढेच त्याने भरायचे. विल्सननेही उलट दावा लावला. त्याच्या बाजूचा एक मुद्दा असा की सही झालेला कागद म्हणजे नुसती टर्म शीट होती, पूर्ण करार पुढे व्हायचा होता.

यातून मी दोन गोष्टी नेहमी तपासते. ठरवलेली भरपाई ही समोरच्याच्या खऱ्या नुकसानीचा वाजवी अंदाज असावी लागते. नुसती धाक घालायला लावलेली रक्कम असेल तर न्यायालय तिला दंड समजून बाजूला काढू शकतं. पण हे सिद्ध करायला वकील लागतो, महिने लागतात, आणि वीस वर्षांच्या मुलाला ते परवडत नाही. म्हणून आधीच कमी करून घ्यायचं. मी उतरती शिडी सुचवते: पहिल्या सहा महिन्यांत गेला तर मिळालेल्या रकमेचा अर्धा भाग परत, त्यानंतर पाव भाग, हंगाम पूर्ण केला तर शून्य. आणि परतफेड नेहमी 'मिळालेल्या' रकमेवर, 'उरलेल्या' रकमेवर कधीच नाही. त्या एका शब्दाने विल्सनच्या हिशेबात ३० हजार आणि ३ लाख ९० हजार एवढा फरक पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टर्म शीट. दीड पानाचा कागद असतो, डिसेंबरच्या गडबडीत फोनवर येतो, बोटाने सही होते. "हा फक्त तात्पुरता आहे" असं सांगतात. तो तात्पुरता असेल तर त्यातच तसं लिहून घ्या: पूर्ण करारावर सही होईपर्यंत कुणावरही बंधन नाही. ते लिहायला समोरचा तयार नसेल तर तो तात्पुरता नाही, आणि तो पूर्ण कराराइतकाच बारकाईने वाचायचा.

तोंडी शब्द

मॅथ्यू स्लुका हा क्वार्टरबॅक २०२४ मध्ये यूएनएलव्हीकडून (लास व्हेगसचं विद्यापीठ) तीन सामने खेळला, तिन्ही जिंकले, आणि सप्टेंबरमध्ये थांबला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एका सहायक प्रशिक्षकाने १ लाख डॉलर तोंडी कबूल केले होते, हातात आले सामान हलवायचे ३ हजार. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही ठरलेलं सगळं पाळलं. तीन सामन्यांवरच का थांबला हे समजून घ्यायला हवं. चारपर्यंत सामने खेळले तर ते वर्ष पात्रतेच्या मोजक्या वर्षांतून वजा होत नाही, पाचवा खेळला की वर्ष गेलं. ही चार सामन्यांची रेघ आता पैशाच्या वादातलं घड्याळ झाली आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता थकलेला असेल तर खेळाडूच्या हातात खरं वजन असतं, ऑक्टोबरच्या मध्यावर ते उरत नाही.

मी घरच्यांना सांगते, प्रशिक्षकाने फोनवर काही कबूल केलं की त्याच संध्याकाळी त्याला मेसेज करा: "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक रक्कम, अमुक तारखेपासून, अमुक संस्थेकडून. काही चुकलं असेल तर कळवा." उत्तर आलं तर पुरावा. नाही आलं तरी तारखेसकट नोंद आहे. मराठी घरांत मास्तरांकडून लेखी मागणं उद्धटपणा वाटतो. इथे तसं काही नसतं, आणि प्रशिक्षकाचा स्वतःचा करार तर त्याच्या एजंटने ओळ न ओळ तपासलेला असतो.

एनआयएल गो

बाहेरच्या कंपनीशी किंवा कलेक्टिव्हशी केलेला ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार आता कॉलेज स्पोर्ट्स कमिशनला कळवावा लागतो. हे कमिशन हाउस तडजोडीनंतर उभं राहिलं, आणि नोंदणीची यंत्रणा एनआयएल गो नावाने डेलॉइट चालवते. मुदत सहीपासून पाच कामाचे दिवस. एकाच देणाऱ्याकडून तुकड्या-तुकड्यांनी आलेले पैसे मिळून ६०० झाले तरीही कळवायचं. इथे मुलं फसतात: तीन पोस्टचे २५०-२५० घेतले, प्रत्येक वेळी वाटलं की मर्यादेच्या आत आहोत.

तपासणी तीन गोष्टींची होते. देणारा विद्यापीठाशी जोडलेला आहे का, कराराला खरा धंद्याचा हेतू आहे का, आणि रक्कम तशाच खेळाडूंना बाजारात मिळते त्या टप्प्यात आहे का. अडकतात ते करार ज्यांत काम नीट लिहिलेलं नसतं. "खेळाडू कंपनीला सहकार्य करेल" असं लिहून २० हजार डॉलर ठेवले की प्रश्न येणारच. मी काम मोजून लिहून घेते: हंगामात इन्स्टाग्रामवर चार पोस्ट आणि दोन रील, दुकानात दोन तासांची एक भेट, वीस सह्या, फोटो कंपनीला एक वर्ष वापरता येतील, कोणत्या उत्पादनासाठी ते नाव घालून. नुसते चेहऱ्याचे हक्क विकत घेऊन साठवून ठेवायचे आणि काम पुढे बघू, असे करार मी परत पाठवते.

करार नामंजूर झाला तर घाबरून जायचं नाही. दुरुस्त करून पुन्हा टाकता येतो, सोडून देता येतो, किंवा लवादाकडे नेता येतो. मंजुरीआधी पैसे घेऊन काम करून टाकणं हाच खरा धोका, कारण तेव्हा पात्रता पणाला लागते. म्हणून करारात एक अट हवीच: मंजुरी मिळेपर्यंत काम सुरू होणार नाही आणि नामंजूर झाल्यास कुणाचं कुणाला देणं नाही.

हातात किती उरतं

महिना १० हजार म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. मुलगा १ लाख २० हजार धरून गाडी बघायला जातो. वहीत मांडून दाखवते ते असं.

एजंटचे १० टक्के, १२ हजार गेले. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, खेळाडूच्या करारावर एजंटला ३ टक्क्यांवर घेता येत नाही. कॉलेजमध्ये तशी सरसकट मर्यादा नाही, २० टक्के मागणारेही भेटतात. उरले १ लाख ८ हजार. पगार नसल्यामुळे कर कापून येत नाही, वर्षअखेरीला फॉर्म १०९९ येतो. स्वतंत्र व्यावसायिक धरलं तर स्वयंरोजगार कर १५.३ टक्के, तो उत्पन्नाच्या ९२.३५ टक्क्यांवर: सुमारे १५ हजार २६०. २०२५ ची प्रमाणित वजावट १५ हजार ७५० आणि त्या स्वयंरोजगार कराचा अर्धा भाग वजा करून उरलेल्यावर केंद्राचा प्राप्तिकर सुमारे १३ हजार ५३०. दोन्ही मिळून २८ हजार ७९०. हातात राहिले ७९ हजारांच्या आसपास. व्यवसाय उत्पन्नाची वजावट बसली तर थोडं सुधारतं. टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसीत राज्याचा प्राप्तिकर नाही. इतर बऱ्याच राज्यांत आहे, तो वेगळा.

म्हणजे दर १० हजारांतले २,४०० त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात, राज्याचा कर असेल तर ३,०००. आगाऊ कराच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. पहिल्या वर्षी हे चुकतंच. विद्यापीठ काही वेळा रक्कम रॉयल्टी म्हणून दाखवतं आणि घरचे म्हणतात की मग स्वयंरोजगार कर लागतच नाही. करारात भेटी, चित्रीकरण, पोस्ट अशी कामं असतील तर त्या भरवशावर राहू नये असं माझं मत आहे.

पेल ग्रँटसारखी गरजेवर मिळणारी मदत असलेल्या घरांनी आणखी एक बघावं. तो अर्ज दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो. २०२५ मधली कमाई २०२७-२८ च्या मदतीतून वजा होऊन समोर येते, तेव्हा मुलगा कदाचित संघातही नसतो.

व्हिसा

हा भाग आपल्या लोकांसाठी. कॉलेज फुटबॉलमध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचे बरेच खेळाडू आहेत, विशेषतः ऑस्ट्रेलियातून आलेले पंटर, म्हणजे चेंडू लांब लाथाडणारे. एफ-१ वर परवानगीशिवाय काम म्हणजे व्हिसाचा भंग. नाव वापरू देणं हे काम की नुसता परवाना, यावर खेळाडूला विसंबता येईल असं स्पष्ट उत्तर सरकारने दिलेलं नाही. म्हणून अमेरिकेत उभं राहून चित्रीकरण, भेटी, पैसे घेऊन पोस्ट, हे मी थांबवते आणि इमिग्रेशनच्या वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय विद्यापीठाच्या वाट्यावरही सही करू देत नाही. विद्यापीठाच्या कम्प्लायन्सच्या (नियमपालनाच्या) कार्यालयातला माणूस "सगळे करतात" म्हणाला तरी व्हिसा मुलाचा जाणार आहे, त्याचा नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावातल्या मराठी घरांत प्रश्न वेगळा असतो. मुलगा एच-४ वर (आईबापांच्या कामाच्या व्हिसाला जोडून मिळणारा व्हिसा), हायस्कूलच्या संघात, आणि चाळीसहून अधिक राज्यांत हायस्कूलच्या मुलांनाही एनआयएलची मुभा आहे. गावातल्या दुकानदाराने ५०० डॉलर देऊन व्हिडिओ मागितला तर एच-४ वरच्या मुलाने तो करू नये. एच-४ वरचं कामाचं कार्ड जोडीदारासाठी असतं, मुलांसाठी नाही. इथे जन्मलेल्या त्याच्याच शेजारच्या मित्राला हरकत नाही, आणि वर्गात हे समजावून सांगणं त्या पोराला जड जातं. आईबापांनी ते काम स्वतःकडे घ्यावं.

हप्ता आला नाही तर

पहिल्या दिवशी चिडून समाजमाध्यमांवर लिहायचं नाही. बहुतेक करारांत बदनामीविरोधी कलम असतं आणि तो एक संदेश समोरच्याला बाहेर पडायचं निमित्त देतो. करारात दिलेल्या पत्त्यावर, दिलेल्या पद्धतीने भंगाची सूचना पाठवायची. प्रशिक्षकाला मेसेज केला म्हणजे सूचना दिली असं होत नाही. चूक सुधारायला बहुधा १० ते ३० दिवस दिलेले असतात, ते मोजायला सूचनेची तारीख लागते. सोबत आपण केलेल्या कामाची यादी जोडायची: पोस्टच्या तारखा, स्क्रीनशॉट, भेटीचे फोटो. माझ्या अनुभवात अर्धे हप्ते या पत्रानेच सुटतात, कारण उशीर कधी कधी नुसता बँकेचा तपशील चुकल्याने किंवा कराचा फॉर्म न भरल्याने झालेला असतो.

त्यातून सुटलं नाही तर लवादाचं कलम बघायचं. लवाद कुठल्या शहरात, खर्च कुणाचा, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी द्यायची का. लवादाचं कलम नसेल आणि रक्कम लहान असेल तर वकिलाशिवाय चालणारं लघुवाद न्यायालय असतं. टेक्ससमध्ये २० हजार डॉलरपर्यंत, कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२ हजार ५०० पर्यंत. स्थानिक दुकानदाराशी झालेल्या वादाला ते पुरतं. समोर सरकारी विद्यापीठ असेल तर त्याला राज्याचं संरक्षण असू शकतं आणि दावा कुठे लावायचा हाच पहिला वाद होतो, म्हणून ते उत्तर सहीआधीच वकिलाकडून घ्यायचं.

वाद आणि खेळ

या भांडणांनी संघाची बांधणीच बदलली आहे. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालियावा करारावरून बोलणी अडल्यावर सरावाला आला नाही. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जॉश ह्युपेल यांनी संघ त्याच्याशिवाय पुढे जाईल असं सांगितलं. मुलगा यूसीएलएला गेला. विस्कॉन्सिनने झेवियर लुकसचं नाव पोर्टलमध्ये टाकायला नकार दिला, त्याने कॉलेज सोडून मायामीत प्रवेश घेतला, आणि जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिनने मायामी विद्यापीठावरच दावा लावला. जानेवारी २०२६ मध्ये वॉशिंग्टनचा डेमंड विल्यम्स नव्या करारावर सही करून काही दिवसांतच निघाला, विद्यापीठाने करार पुढे केल्यावर परत आला. त्याच महिन्यात ड्यूकने आपला क्वार्टरबॅक डॅरियन मेन्सा याला अडवायला न्यायालय गाठलं, आणि तडजोड होऊन तो मायामीला गेला. विद्यापीठांनी जनरल मॅनेजर नेमले आहेत. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये आपलाच जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला आणलं. आणि १०५ च्या मर्यादेने संघाबाहेर ढकलली गेली ती शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने खेळणारी मुलं. त्यांच्यासाठी विल्केन यांनी तडजोड काही आठवडे अडवून धरली, तेव्हा कुठे आधीच्या मुलांना मर्यादेतून सूट मिळाली. ती सूट द्यायची की नाही हे मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर राहिलं, आणि मला हे आजही खटकतं.

वसंतातली पोर्टलची खिडकी, म्हणजे नाव टाकायची मुदत, आता बंद झाली आहे. २०२६ साली एकच होती, २ ते १६ जानेवारी. म्हणजे पंधरा दिवसांत मुलाने नवं कॉलेज शोधायचं, करार वाचायचा, जुन्या करारातून सुटायचं आणि वर्गांत नाव नोंदवायचं. म्हणून मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच फाइल उघडते. जुन्या कराराची प्रत, त्याला जोडलेल्या सगळ्या पुरवण्या, आजवर आलेल्या प्रत्येक हप्त्याची बँकेतली नोंद, एनआयएल गोच्या मंजुऱ्या, आणि एका कोऱ्या कागदावर एकच आकडा: आज निघालो तर किती परत द्यावे लागतील. तो आकडा मुलाने स्वतःच्या हाताने काढायचा. चुकला तर मी दाखवते, आणि तो पुन्हा काढतो.